अकराव्या मजल्यावरचं पान

विक्रोळीच्या जुन्या इमारतीत रत्नप्रभाबाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. खिडकीला लागून बदामाचं झाड होतं आणि झाडावर कावळे. पितृपक्षात सासऱ्यांचं पान ठेवून हात मागे घ्यायचा अवकाश, वडा पळालेला असायचा. पुढे ती इमारत पाडून टॉवर बांधला. नव्या घराची चावी मिळायच्या चार महिने आधी त्यांचे यजमान जयवंत गेले. अकराव्या मजल्यावरचं हे घर त्यांनी पाहिलंच नाही.

आज इथे त्यांचं पहिलं पान. मुलाने, नितेशने, खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ते ठेवलं, हात जोडले आणि तो ड्यूटीवर गेला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. कावळे खाली खाडीजवळच्या तिवरांवर होते, तिळाएवढे. वर कुणी येत नव्हतं.

श्रुतिका, त्यांची सून, आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होती. मधेच डोकावली.

"आई, काही खाल्लंत ना?"

"चहा-बिस्कीट घेतलं गं. तू बघ तुझं काम."

घेतला होता फक्त बिनसाखरेचा चहा. कावळा शिवल्याशिवाय खायचं नाही, ही लहानपणापासूनची रीत. इन्सुलिन मात्र त्यांनी सवयीने आठ वाजताच टोचून घेतलं होतं.

साडेबारा झाले आणि रत्नप्रभाबाईंना राग यायला लागला. आधी बिल्डरचा आला, मग खिडकीच्या जाळीचा, शेवटी जयवंतांचा.

"तीस वर्षं पोस्टमन होतात! लोकांच्या अर्ध्यामुर्ध्या पत्त्यावर पत्रं पोचवलीत. आणि आपलंच घर गावत नाय तुमका? की येवचाच नाय?"

आपलाच आवाज त्यांना ऐकू आला. चढलेला, कापरा. मानेवर घामाची ओल होती.

हा आवाज जयवंतांच्या ओळखीचा होता. साखर उतरायला लागली की बाई भांडायच्या. भाजीवरून, पंख्यावरून, चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या साडीवरून. बाईंना स्वतःला कळायच्या आत जयवंतांना कळायचं. ते उलट उत्तर द्यायचे नाहीत. डबा पुढे करायचे. "रत्ने, आधी साखर खा, मगे भांड. मी खंय पळान जातंय?"

रत्नप्रभाबाईंनी साखर मोजायच्या मशीनसाठी बोट टोचलं. छप्पन्न.

साखरेचा डबा हातात घेतला आणि त्या थांबल्या. आपण आधी तोंड लावलं तर? ते येता येता परत फिरले तर?

कावळा शिवत नाही तेव्हा माणसं गेलेल्याची राहिलेली इच्छा आठवतात, मोठ्याने वचन देतात. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी जयवंतांनी ना गावचं घर काढलं होतं, ना नातवाचं नाव. हात धरून म्हणाले होते, "टोचल्यावर वेळेवर खा हां. आता सांगूक कोण नसतला."

"खातंय," रत्नप्रभाबाई खिडकीकडे बघून म्हणाल्या. "खातंय हो."

तीन चमचे साखर पाण्यात ढवळली, अर्धा चमचा ओट्यावर सांडला. पाणी पिऊन त्यांनी हाक मारली, "श्रुतिका, माझ्याजवळ बस गं जरा."

श्रुतिका धावत आली. मशीनवरचा आकडा बघून तिचा चेहरा उतरला. "बिस्कीट खाल्लं म्हणालात ना? वाट लागली असती, आई! बाबा असते तर..."

"तेच तर."

पंधरा मिनिटं दोघी घड्याळाकडे बघत बसल्या. पुन्हा बोट टोचलं. ब्याण्णव. श्रुतिकाने ताट वाढलं. रत्नप्रभाबाईंनी स्टूल खिडकीशी ओढून घेतलं. पानातल्या खिरीवर साय धरली होती. त्यांनी पानातला वडा कट्ट्याच्या कडेला सरकवला, खालून दिसेल असा.

"या तुमच्या सवडीनं," त्या म्हणाल्या, आणि पहिला घास घेतला. "मी जेवतंय."