डब्यात अडकलेला रुपया

राजापेठेतला माझा टेलिफोन बूथ म्हणजे चार बाय चारची टपरी. लहानपणीच्या पोलिओने एक पाय अधू झालेला, म्हणून अपंगांच्या कोट्यातून ती मला मिळाली. मला म्हणजे घराला. आबांची गिरणी बंद पडली होती, दादा बी.ए. होऊन घरीच होता. परवाना माझ्या नावावर असल्याने तपासणीला कोणी आलं तर खुर्चीत मीच दिसले पाहिजे, हे आबांनी मनाशी घट्ट धरलं होतं. सकाळी दहाला दादा सायकलवरून सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. चार वर्षांत मी अमरावतीबाहेर पडले नव्हते.

खेड्यांतली माणसं कापसाचा भाव विचारायला अकोल्याला फोन लावायची आणि मिनिट भरायच्या आत ठेवून द्यायची. फोनच्या डब्यात रुपयाचं नाणं टाकावं लागे. न पटलेलं नाणं डबा खाली सोडून द्यायचा. अशी नाणी मी बदलून द्यायची आणि बाजूला ठेवायची. दुपारी वेळ जाता जात नसे.

समोर घड्याळं दुरुस्त करणारे चाचा बसायचे. मी नाणी उलटीपालटी करत बसलेली पाहून त्यांनी एकदा आपलं डोळ्याला लावायचं भिंग दिलं आणि कसं बघायचं ते शिकवलं. बडनेऱ्याच्या रुळावर पोरांनी ठेवलेलं नाणं पसरतं, अक्षरंही त्याच्यासोबत ताणली जातात आणि कड पात्यासारखी होते. कानशीने घासलेल्यावर बारीक रेघा दिसतात. चुलीत पडलेलं काळंनिळं होतं. नंतर मार बसला की धातू कुठून तरी ढकलला गेल्याची खूण राहतेच, असं ते म्हणायचे. टाकसाळीतच चुकलेलं नाणं मात्र त्यांनीही कधी हातात घेतलं नव्हतं.

मग एका मंगळवारी डबा बंद पडला. मेकॅनिकने तो उघडून अडकलेला रुपया काढला. छाप एका बाजूला सरकलेली, अर्धे सिंह नाण्याबाहेर गेलेले आणि दुसऱ्या कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी. मी भिंग लावलं. जेवढी अक्षरं होती तेवढी ठसठशीत होती, कोऱ्या भागावर एक ओरखडा नव्हता. उलटं केलं, तर मागेही त्याच कडेला कोरं.

चाचांनी बराच वेळ पाहिलं. "बेटी, याले नंतर काही झालं नाही," ते म्हणाले. "हे छापतानाच चुकलं."

दादाने पेपरात कुठेतरी वाचलं होतं की अशा नाण्यांचे लाखो येतात. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने मनातल्या मनात टपरीत झेरॉक्स मशीनही बसवून टाकलं. अकोल्याला ग्रंथपालाचा सहा महिन्यांचा कोर्स होता, त्याचा फॉर्म माझ्या पर्समध्ये पडून होता.

अकोल्यात एक निवृत्त शिक्षिका जुनी नाणी जमवतात, असं चाचांना ठाऊक होतं. दादाच निघाला होता. पण चुकलेलं नाणं ओळखायचं कसं ते त्याला सांगता येईना, म्हणून एका दिवसापुरता तो टपरीत बसला आणि मी एसटीत.

बाईंनी मी निवडून आणलेली सातही नाणी टेबलावर मांडली आणि मलाच विचारलं, सांग बघू. मी एकेक सांगत गेले. एका ठिकाणी चुकले. दुहेरी अक्षरांचा एक रुपया मला टाकसाळीतच चुकलेला वाटला होता. त्यांनी नखाने दाखवलं, दुसरं अक्षर वर उठलेलं नव्हतं, पहिलंच घसटून चपटं झालं होतं. अडकलेला रुपया मात्र खरा होता.

"लाखबिख काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पाचशे देईन, तेही मला आवडला म्हणून. काय करायचं होतं पैशांचं?"

मी फॉर्म दाखवला. पाचशेत फीसुद्धा भागत नव्हती. बाईंनी फॉर्म वाचून काढला. मग म्हणाल्या, मागची खोली रिकामी आहे, सहा महिने राहा, फी मी भरते, संध्याकाळी माझी नाणी लावून दे. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या खोलीत राहायलाही गेले होते.

घरी सगळं सांगितलं. पाचशेची नोट पाहून दादाचं तोंड उतरलं होतं. आबा शांतपणे म्हणाले, "बाईचे उपकार मोठे हायेत. पण टपरी तुया नावावर हाय. तू गेली तर आमी काय करू?"

मी दादाकडे पाहिलं. तो ताटातली भाकरी मोडत राहिला. बोलला असता तर कदाचित मी गेले असते. पण स्वतःहून "जाते" हा शब्द मलाही काढता आला नाही. आजवर राग येतो तो याचाच जास्त. बाईंना मी दोन ओळींचं पत्र टाकलं.

पुढे तीन वर्षांनी प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि डबा दिवस दिवस वाजेनासा झाला. आबांनीच एक दिवस कुलूप लावलं. मी अकोल्याला फोन केला, तर बाई मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या आणि तो कोर्सही बंद झाला होता.

टपरी गेल्यावरही पंधरा दिवस मी सकाळी वेणी घालून, पायाला कॅलिपर बांधून दाराशी येऊन बसायची. आई विचारायची, "कुठी जाऊन राहिली?"