सळ्यांपर्यंत न पोचलेलं पाणी

वाफेचा पाइप फुटला तेव्हा माझे यजमान त्याच्या समोरच उभे होते. ते दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. अणुभट्टीतलं पाणी अचानक गेलं तर आतल्या सळ्या थंड कशा करायच्या, हे तिथे विजेवर तापवलेल्या सळ्यांवर बघत. त्या वर्षी सळ्या अगदी खेटून बसवल्या होत्या. वरून सोडलेलं पाणी मधे शिरायचंच नाही, वाफ ते परत फेकायची. मग सळ्या फार तापायच्या आत हे वीज बंद करून, प्रयोग अर्ध्यावर सोडून घरी यायचे.

आदल्या संध्याकाळी दिल्लीतल्या मुनिरका वस्तीतल्या आमच्या खोलीत मी म्हणाले, "आजही अर्ध्यावरच ना? माझा कुकर बरा, शिट्टी तरी पुरी करतो."

"तुझ्या कुकरला लाव मग नोकरीला," ते म्हणाले आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वीज बंद केली नाही. सोबतची इंजिनियर मुलगी नागपूरची होती. हॉस्पिटलात ती मला म्हणाली, "काकू, मी दोनदा म्हटलं, बंद करू या. काका म्हणाले, आज पुरं करूनच जाऊ, घरी बोलणी बसतात."

माझं आदल्या संध्याकाळीच बोलून झालं होतं.

त्या मुलीचा हात भाजला होता, ती वाचली. हे चौथ्या दिवशी गेले.