जपानी मशीनची वाटणी

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील आणि शब्दही साधेच येतील. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही, म्हणून लिहितो. शिलाई मशीनच्या दुकानात बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बॉबिनखाली दोऱ्याचा भुगा साचतो तसे ते आपोआप साचतात. मग एखाद्या दिवशी मशीन अडते आणि सगळं उपसून बाहेर काढावं लागतं.

मी दुसरबीडला गफ्फारचाचांच्या दुकानात जुन्या मशीन दुरुस्त करतो. चाचा माझे उस्ताद. काम दोघं करतो, बोलायचं काम एकटे चाचा करतात. हे सगळे किस्से एकाच मशीनचे आहेत. ती शेवंताकाकूंची, आणि काकूंना ती परत पाहिजे होती. शोभेला नाही, शिवायला. एवढंच मागणं होतं!

* * *

आमच्याकडं येणारी प्रत्येक जुनी मशीन जपानी असते. म्हणजे मालकाच्या मते असते. काळी असो, हिरवी असो, गंजलेली असो, आजोबांनी आणली म्हणजे जपानी. एकाच्या मशीनवर तर पितळी पट्टीवर ठळक हिंदीत "घरेलू सिलाई मशीन" लिहिलेलं होतं. चाचांनी ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

तो जराही हलला नाही. म्हणाला, "तिकडं आपले लोक असतीन ना कामाले."

काकूंची मात्र खरी जपानी. फिका हिरवा रंग, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, आणि पाठीमागं इंग्रजीत "मेड इन जपान" ठोकलेलं. कंपनीचं नाव कोणीच कधी ऐकलेलं नाही. चाचा सांगतात, त्या काळी तिकडं मशीन एकसारखीच बनायची आणि गिऱ्हाईक सांगेल ते नाव तिच्यावर चढायचं. काकूंच्या यजमानांनी ती मुंबईहून एसटीच्या टपावर बांधून आणली होती. ते लवकर गेले. काकूंनी मग त्या मशीनवर अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवले आणि दोन पोरं शिकवली. थोरले वसंत सर गावातच मास्तर आहेत. धाकटे प्रकाशभाऊ सरकारी हापिसात क्लार्क, घर साखरखेर्ड्याला.

शिकून दोघंही हुशार झाले. त्याचाच पुढचा किस्सा.

* * *

भावांची वाटणी झाली तेव्हा घर, वावर, भांडी, सगळं गोडीत वाटलं गेलं. मशीनवर येऊन अडलं. सुईत दोरा दोघांपैकी एकालाही ओवता येत नाही, पण मशीन दोघांनाही पाहिजे. काकू म्हणाल्या, मी अजून शिवते, माझ्यापाशी राहू द्या.

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "आई, तुझा यात प्रश्नच येत नाही."

ते बरोबरच होतं. काकूसुद्धा वाटणीतच होत्या. सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं.

पंच म्हणून काकूंचे भाऊ आले होते. त्यांनी बराच विचार करून तोडगा काढला. मशीनचं वरचं हेड थोरल्याला, खालचं पायडलचं स्टँड धाकट्याला. अन्याय कोणावरच नाही. चाचांना खोलायला बोलावलं. मी सोबत होतो. हेड एका खाटेवर, स्टँड दुसऱ्या खाटेपाशी ठेवलं. तेवढ्यात धाकट्या सूनबाईंनी विचारलं, "अन् पट्टा?"

पट्टा म्हणजे चाक फिरवणारी चामड्याची वादी. ती हेडचीही असते आणि स्टँडचीही असते. अर्धा तास नुसता पट्ट्यावर वाद झाला. शेवटी मामांनी तो मधोमध कापायचं ठरवलं आणि काकूंकडं कात्री मागितली.

काकूंनी कात्री पदराखाली घेतली. "कपड्याची हाये ते. असल्या कामाले विळा आणा."

विळा आणला. पट्टा कापला. दोघा भावांनी आपापला अर्धा तुकडा जपून नेला.

* * *

काही दिवसांनी वसंत सर हेड घेऊन दुकानात आले. बरीच वर्षं ते खोलून धुतलेलं नव्हतं, आतलं तेल गुळासारखं घट्ट झालेलं. आम्ही ते रॉकेलनं धुतलं, जुना गंज काढला, नवीन तेल दिलं. मी हातानं चाक फिरवलं. लोण्यात सुरी जावी तशी सुई खाली गेली आणि वर आली. मला फार आनंद झाला.

सर ओरडलेच. "अरे, चालवू नको! झिजेल ना."

त्यांना ती चालायला नको होती, चमकायला पाहिजे होती. दिवाणखान्यात काचेचं कपाट केलं, आत लाईट लावला, खाली पाटी लावली: "आईच्या कष्टांची आठवण". पाहुणे आले की सर आधी कपाट दाखवत आणि मग चहा सांगत. कपाटाला कुलूप होतं. चावी सरांच्या खिशात.

बसवायला मीच गेलो होतो. काकू खाली सतरंजीवर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मला पाटी वाचून दाखवायला लावली. मी वाचली. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"काऊन बे," त्या म्हणाल्या, "मी कधी मेली?"

मी काच पुसली.

* * *

तिकडं साखरखेर्ड्याला प्रकाशभाऊंनी स्टँडवर ग्रॅनाईट टाकून जेवायचं टेबल केलं. ग्रॅनाईट बसवायला आम्हालाच नेलं होतं. असलं टेबल त्यांनी पुण्याच्या एका हॉटेलात पाहिलं होतं म्हणे. मी विचारणार होतो की पुण्याच्या माणसांना टेबल मिळत नाहीत का, पण विचारलं नाही.

पायडल तसंच ठेवलं होतं. सूनबाईंना शुगर आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर त्या मोबाईल बघत बसल्या जागी पायडल मारत. शेजारच्या दोन बायका पण संध्याकाळी यायला लागल्या. एकीनं चाचांना विचारलं की असलंच एक स्टँड मिळेल का, वजन कमी करायला.

काकूंची तिकडची पाळी आली. त्या जेवायला बसल्या की पाय आपोआप पायडलवर जायचे. ताटातली भाजी सांडायला लागली. प्रकाशभाऊ चिडून म्हणाले, "आई, काय करून राह्यली तू?"

"दिसत नाही का? जंपर शिवून राह्यली."

* * *

काकू ऐकत नाहीत म्हटल्यावर दोघा भावांनी मिळून त्यांना एक नवीन मशीन घेऊन दिली. प्लास्टिकची, विजेची, गुलाबी. बटण दाबलं की पळत सुटते. काकूंनी एकदा चालवली आणि सूनबाईंना परत दिली. "चटणी वाटाले कामी येईन."

मग इकडची पाळी आल्यावर एक दिवस त्या स्वतः दुकानात आल्या. चाचा नमाजाला गेले होते, मी एकटाच. काकू म्हणाल्या, संजू, तू सराले एकदा सांगून पाय. तुह्यावाला धंदा हाये, तुह्यं ऐकतीन. मी मान हलवली. रात्रभर वाक्यं जुळवली आणि सकाळी सरांच्या घरी गेलो. सर म्हणाले, "बोल." मी कपाटाकडं बघत म्हणालो की दार करकरतंय. मग बिजागरीला तेल घातलं आणि निघून आलो. दार आता अजिबात वाजत नाही. काकूंना तोंड दाखवायला मला आठवडा लागला.

* * *

आता शेवटचा.

गावातल्या एका मंडळानं "आदर्श माता" पुरस्कार द्यायचं ठरवलं. निवड समितीत वसंत सर स्वतःच होते, तरी आईचं नाव ऐकून त्यांना सगळ्यांत मोठा धक्का बसला. कार्यक्रम समाजमंदिरात. स्टेजवर आईची मशीन जोडून ठेवायची, ही कल्पना सरांचीच. प्रकाशभाऊ स्टँड द्यायला तयार झाले, पण पत्रिकेत त्यांचं नाव सरांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापलं तेव्हा. ग्रॅनाईट उतरवून स्टँड टेम्पोनं आलं. सरांनी बजावलं की मशीन नुसती फोटोपुरती आहे, चार वाजता खोलून ज्याची त्याला द्यायची.

मी घाईघाईनं जोडली. चाचांनी कोणाला न विचारता नवीन पट्टा चढवला. बॉबिन पण भरलेली होती, ती कोणी भरली ते मला माहीत नाही.

काकूंना शाल दिली, नारळ दिला. प्रमुख पाहुणे माईकपुढं उभे राहिले आणि मातेच्या कष्टांवर बोलू लागले. काकूंनी शाल मांडीवर घेऊन तिचे काठ पाहिले. काठाचे दोरे सुटत होते. त्यांनी खुर्ची जरा सरकवली.

पहिल्यांदा वाटलं, बाहेर ट्रॅक्टर चालला. मग माईकनं तो आवाज धरला आणि अख्ख्या समाजमंदिरात खडखड घुमली. पाहुण्यांनी आवाज वाढवला. काकूंनी पायाचा वेग वाढवला. शालीचे दोन्ही काठ दुमडून झाले, तेव्हा त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. "सुमन, तुह्या पोराचा खिसा उसवला. आण इकडं."

सुमनताईंनी पोराचा शर्ट तिथंच काढला. त्याच्यामागून एक पिशवी आली, एक परकर आला, कोणाची तरी उशीची खोळ आली. ती घरून कशी आली, देव जाणे. पाहुणे शेवटी कष्टांचं महत्त्व सांगून खाली बसले. टाळ्या वाजल्या, पण तेव्हा काकू खोळ देत होत्या.

चार वाजले. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. सर म्हणाले, "संजू, खोल आता."

हेड स्टँडवर दोन खिळ्यांवर बसतं, आणि त्या खिळ्यांना खालून दोन छोटे स्क्रू धरून ठेवतात. ते ढिले केले की हेड उचलून घ्यायचं. एवढंच काम. काकू खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. चाकावर हात ठेवून बसल्या होत्या.

मी खाली वाकलो, पेचकस लावला. मग उभा राहिलो आणि सरांना म्हणालो, "जाम झालेत."

सर माझ्याकडं पाहतच राहिले. मग त्यांनी चाचांना हाक मारली. आता, गफ्फारचाचांसमोर कुठला स्क्रू टिकला, असं आजवर झालेलं नाही, आणि ते चाचा दर गिऱ्हाईकाला सांगतात. चाचा स्टेजवर चढले. टोपी मागं सारली, मशीन मागं कलती केली, आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेचकस लावून जोर लावला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. दोनदा अल्लाचं नाव घेतलं. तिसऱ्यांदा पेचकस दोन्ही हातांनी धरला, तोंड लालबुंद झालं. शेवटी ते घाम पुसत उठले.

"नाही निघत, सर. अजून जोर लावला तं हेड फुटन. जपानी लोखंड हाये, एकदा धरलं का सोडत नाही."

सरांनी प्रकाशभाऊंकडं पाहिलं, प्रकाशभाऊंनी सरांकडं. जोडलेली मशीन न्यायची तर कोणाच्या घरी, हे ठरेना. टेम्पोवाला निघून गेला. शेवटी सर म्हणाले की राहू द्या मग इथंच, पुढं पाहू.

काकूंनी सुईत नवीन दोरा ओवला. "मंग दुपारचा डबा इथंच पाठवत जा," त्या म्हणाल्या. "दोघंबी."

वाटेत चाचा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नाक्यावर चहा मात्र पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी समाजमंदिरात गेलो. काकू अजून यायच्या होत्या. मी मशीन मागं कलती केली. ते दोन्ही स्क्रू आदल्या दिवशी घाईत मी नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते. पेचकस काढला आणि घट्ट आवळले.