उंटाला लागलेला हात

मला बुद्धिबळ शिकवलं ते ताईंनीच. मी साताऱ्याची. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीला मावशीकडे गेले की ताईंच्या बुद्धिबळाच्या वर्गाला बसायचे. ताई आम्हाला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लावत. "चाल ठरली की हात काढायचा. मोहऱ्याला हात लागला की तेच खेळायचं. मग रडायचं नाही."

यंदा राष्ट्रीय स्पर्धा सांगलीतच होती आणि शेवटच्या फेरीत त्याच माझ्यासमोर आल्या. भारतीय संघाच्या शिबिरात एकच जागा उरली होती. मी जिंकले तर ती माझी. बरोबरी झाली तरी त्यांची.

डाव ऐन रंगात असताना ताईंनी दोन बोटांनी उंट धरला. तो हलवला असता तर त्यांचा वजीर माझ्या हत्तीच्या तोंडात होता. बोटं थबकली, मागे गेली आणि त्यांनी राजा सरकवला.

मी घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले. घाबरले की मला इंग्रजीच सुचतं, तशी तक्रारही इंग्रजीतच केली.

"मराठीत सांग की गं," ताई हसत म्हणाल्या. "सगळे आपलेच आहेत इथं." मग पंचांना म्हणाल्या, "उंट नीट ठेवत होते मी. ॲडजस्ट म्हटलं होतं."

मोहरं नुसतं नीट ठेवायचं असेल तर हात लावण्याआधी तसं म्हणावं लागतं. त्यांनी म्हटलं नव्हतं. शेजारच्या पटावरच्या मुलीनं पाहिलं होतं, पण पंचांनी विचारल्यावर तिनं मान खाली घातली. तीही ताईंच्याच वर्गातली. ते 'आपलेच' माझ्या डोक्यात गेलं.

"पुरावा नाही. खेळा पुढे," पंच म्हणाले.

ते वळताच ताई हळूच म्हणाल्या, "बरोबरी घे. रागात खेळू नये."

मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. डाव मी ओढत नेला, पण शेवटी पटावर दोन राजेच उरले, म्हणजे बरोबरी. जागा गेली.

ताईंनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "छान खेळलीस."

मी तो हात बाजूला केला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, मराठीत, "ताई, तुम्ही उंटाला हात लावला होता."

रिक्षात बसल्यावर मावशी म्हणाली, "लय बोललीस आज. शिकवलंय त्यांनी तुला."

"म्हणूनच बोलले," मी म्हटलं.