कपाशी फार चांगली आली

फुलं विकणारा माणूस आज एकाही फुलाशिवाय गेला.

आमचे नाना. अमरावतीत गल्लीच्या तोंडाशी फुलांचं दुकान, गावाबाहेर मोगऱ्याचा मळा. नाना त्या दुकानाची पाचवी पिढी.

मी संस्कृतचा मास्तर, म्हणून मला ते 'पंडितजी' म्हणत. आदरानं नव्हे.

एकदा हार बांधता बांधता म्हणाले, "पंडितजी, फुलाले तुमच्यात शब्द किती?"

"पुष्प, कुसुम, सुमन, प्रसून..."

"आन् कापसाले?"

"कार्पास."

"एकच? तरी पाहा, चौघायले गिळून बसला."

(तूल, पिचु वगैरे मला घरी आल्यावर आठवले. विद्या अशीच वेळेवर उपयोगी पडते.)

मग त्यांनी खापरपणजोबांची गोष्ट सांगितली. अठराशे साठनंतरची.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला असा भाव आला की लोकांनी अंगणंसुद्धा नांगरली. खापरपणजोबांनी मोगरा उपटायला घेतला.

बायको म्हणाली, "एक ओळ त राहू द्या जी."

नाही राहू दिली.

वेचणीच्या दिवसांत पटकीची साथ आली. बायको गेली. फुलाऱ्याच्या घरची सवाष्ण, आणि गावात फूल नाही.

शेवटी तिच्या गळ्यात कापसाच्या बोंडांची माळ घातली.

पुढं लढाई संपली, भाव कोसळला, मोगरा परत लागला. तेव्हापासून त्या मळ्यात कपाशी बंद. हार ओवायलासुद्धा सूत नाही, केळीचं सोपट.

यंदा उन्हाळ्यात नानांचा मुलगा संजू म्हणाला, मोगरा काढतो, कपाशी लावतो. "लोकायले आता बुके पायजे, काका. मोगरा कोन घेते?"

नाना मला म्हणाले, "तुमी सांगून पाहा. तुमचं ऐकते तो."

सांगितलं. पूर्ण गोष्ट, बोंडांच्या माळेसकट.

संजू हसला. "काका, पटकीवर आता सलाईन आहे."



मोगरा गेला. कपाशी आली.

इतकी चांगली आली की नानांनी मळ्यात जाणं सोडलं.

मग दुकानात येणं.

मग जेवण.

डॉक्टरांना काही सापडलं नाही.

आज सकाळी संजूनं बाजारातून झेंडूचे हार आणले. नानांच्या बायकोनं, काकूंनी, हात आडवा केला. "आपल्या मळ्यातलं आन."

तो गेला. परत आला तेव्हा हातात कपाशीचं एक पिवळं फूल.

काकूंनी ते नुसतं पाहिलं. "राहू दे. तसेच जाऊ दे त्याईले."

तिरडी उचलताना मात्र हळूच बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"संजू, माह्या वेळेले तरी मोगरा ठेवजो रे, बापू."



पीक ऐन फुलावर आहे.

नाना, पुष्पांजलीतली अंजली म्हणजे ओंजळ. माझी आज रिकामी आहे.

गोड मानून घ्या.