सरळ केलेली बटणं

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. शाळा चौथीत सुटली. मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं उरली होती, त्यात लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

भाटघरला धरणाच्या पाण्याच्या कडेला पुण्याच्या एका दादांचा बंगला आहे. तिथे मी झाडलोट आणि स्वयंपाक करते. दादा नाटकांना संगीत देतात. त्यांच्या खोलीत सूर काढायचं भिंतभर एक यंत्र आहे, मॉड्युलर सिंथेसायझर. हे नाव मी त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. त्यावर शंभरेक गोल बटणं आणि रंगीत वायरींचं जाळं. बटण जरा फिरलं की आवाज बदलतो. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी दादांकडून वीस हजार उचल घेतली होती. महिन्याला हजार पगारातून कापायचे ठरले होते.

एका रविवारी त्यांचे एक मित्र मुक्कामाला आले. मी चहा नेला तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"हे कॉम्प्युटरला जोड," मित्र म्हणाले. "कुठलं बटण कुठं होतं ते तो लक्षात ठेवील. हातानं पिळत बसायला ही काय गाय आहे?"

"हाताला कळतं ते माऊसला कळत नाही," दादा म्हणाले.

"आणि वरून मांजर चालत गेलं म्हणजे?"

"माझ्याकडे मांजर नाही."

मी पदरात हसले.

सोमवारी पहाटेच दादा पुण्याला गेले, मित्र त्यांच्या मागून निघाले. रस्त्याच्या कामाची धूळ यंत्रावर बसली होती. वायरी ओढायच्या नाहीत एवढंच त्यांनी मला बजावलं होतं. मी कोरड्या फडक्यानं एकेक बटण पुसलं. प्रत्येकावर पांढरी रेघ, पण एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. मांडणीवर कपांचे कान एका बाजूला करते, तशा मी सगळ्या रेघा सरळ वर केल्या. फार नीटनेटकं दिसलं.

संध्याकाळी दादांनी यंत्र चालू केलं. नुसती घुंई वाजली. मी पीठ मळत होते. मग ते फोनवर मित्रांना बोलताना ऐकू आलं. "जाताना सगळी बटणं सरळ करून गेलास? आठ दिवसांचं काम होतं माझं. परत इथं येऊ नकोस."

माझे हात पिठातच राहिले. मी काय केलं ते तेव्हा कळलं. खरं सांगितलं तर काम जाणार, उरलेले सोळा हजार एकदम मागतील, मुलीचं शिक्षण तिथंच थांबेल. गप्प बसले तर कुणालाच कळणार नव्हतं. मी पोळ्या करून ठेवल्या आणि न बोलता घरी गेले.

दोन दिवस मित्रांचा फोन वाजायचा, दादा कापायचे. दर वेळी वाटायचं, तो माझ्यासाठीच वाजतोय. बुधवारी परत वाजला तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले.

"दादा, त्यांनी न्हाई केलं. म्या केलं. पुसताना सरळ लावली."

"सगळी?"

"व्हय. बरं दिसंल म्हणून."

दादा म्हणाले, "म्हणजे मांजर होतं घरात."

मला हसू आलं नाही. "माझा हिशेब करा. पर पैसं एकदम न्हाई जमायचं."

"हिशेब राहू दे मावशी. आधी त्याची माफी मागतो."

दादांनी फोन स्पीकरवर लावून सगळं सांगितलं, तेव्हा मित्र मोठ्यानं हसले. "मावशींना म्हणावं, कॉम्प्युटरची बाजू तुम्हीच जिंकून दिलीत."

दादांनी चाल परत बसवली, पण पहिली ती नाहीच सापडली, असं ते अजून म्हणतात. आता अर्धी बटणं कॉम्प्युटर सांभाळतो. अर्धी त्यांनी हाताखालीच ठेवली. ती मी रंगाच्या ब्रशनं, श्वास धरून झटकते. दर पगाराला वाटायचं, या महिन्यात जा म्हणतील.

म्हटलं नाही. गेल्या पगारात शेवटचे हजार कापले. दादांनी डायरीत 'पूर्ण फिटले' लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.