बिनस्टेपनीची गाडी

त्रेपन्नाव्या वर्षी बाईमाणसाने दागिने करावेत, फार तर एखादा प्लॉट घ्यावा, असं आमच्याकडे सगळ्यांचं मत. मला गाडी हवी होती. सात माणसं कोंबायची उंच गाडी नव्हे. बुटकी, लांब नाकाची, पाय टेकवला की पळत सुटणारी जर्मन सेडान. नवी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुनी. पंचवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवली, लोकांचं रक्त तपासून तपासून डोळ्यांवर चष्मा आला, मग एवढी हौस केली तर कुणाचं काय जातं? नवऱ्याने शांतपणे विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हटलं, आहे, आणि तुझा सल्ला मागितलेला नाही. आमच्या घरात चर्चा अशीच होते.

गाड्यांचं हे वेड आप्पांकडून आलं, म्हणजे माझ्या वडिलांकडून. चाळीस वर्षं त्यांनी देवळ्याहून कांदा वाहिला, आधी ट्रकने आणि उतारवयात स्वतःच्या पिकअपने. मला गाडी त्यांनीच शिकवली, बाजार समितीच्या रिकाम्या आवारात, ट्रकवर. अठरा वर्षांच्या पोरीला ट्रक शिकवतो म्हणून लोक हसले, तर त्यांनी हसणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, पोरगी नवीन आहे, अंगावर येईल म्हणून. दोन वर्षांपूर्वी एका वळणावर त्यांची पिकअप कठड्याला घासली. कुणाला लागलं नाही, पत्र्याला ओरखडा आला, बस. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती विकून टाकली आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. भाऊ-भावजय सगळं बघतात, खाण्यापिण्याची आबाळ नाही, पण माणूस देवळ्याच्या बाहेर पडेना. लग्नाला नाही, देवाला नाही, माझ्याकडे नाशिकला तर नाहीच. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. जेवलात का? हं. गुडघा कसा आहे? हं.

नाशिकच्या द्वारका चौकापुढे जुन्या गाड्यांचा एक डीलर आहे. तिथे एक पांढरीशुभ्र गाडी बघून मी पाघळले. नऊ वर्षांची, आणि चालली होती जेमतेम एकोणीस हजार किलोमीटर. सीटवरचं लेदर इतकं कोरं की बसायला लाज वाटावी. त्या संध्याकाळी बोलायला काही नव्हतं म्हणून मी आप्पांना सहज गाडीचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, टायरवर साल कोणतं हाये? मला काय ठाऊक! तर म्हणाले, टायरच्या अंगावर आकडे असतात, शेवटचे दोन साल सांगतात, उद्या बघून ये. आणि बॉनेट उघडून वायरी बघ, उंदरांनी कुरतडल्यात का.

दोन वर्षांत माणूस एवढं पहिल्यांदा बोलला होता. दुसऱ्या दिवशी लॅब सोडून मी द्वारकेला गेले आणि साडी सावरत गाडीपाशी उकिडवी बसून टायर वाचले. डीलर बघतच राहिला. टायर गाडीइतकेच जुने होते, बारीक चिरा पडलेले. एका वायरीला नवी टेप गुंडाळलेली होती. आप्पा फोनवर म्हणाले, "कमी चालली म्हणून चांगली, असं नसतं बाई. उभी राहिलेली गाडी आतून खराब होत जाती. रबर वाळतं, तेल बसतं, उंदीर घर करतात."

नवऱ्याला मात्र पांढरीच पसंत होती. घ्यायचीच आहे तर कमी चाललेली घे, हे त्याचं म्हणणं. आणि त्याच दमात त्याने मला खर्च ऐकवले. गाडीची किंमत उतरली म्हणून पार्ट स्वस्त होत नाहीत, गाडी अठरा लाखांना मिळेल पण बिघडेल ती साठ लाखांच्या गाडीसारखीच. चार टायरांत एक बरी स्कूटर येते. ब्रेक पॅड, गिअरबॉक्सचं तेल, विमा, सगळंच अव्वाच्या सव्वा. नुसती बॅटरी बदलली तरी कॉम्प्युटर लावून गाडीला कळवावं लागतं, म्हणे. आपण पांढरा हत्ती पोसणार आहोत, तो म्हणाला. यातलं खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

पण तोवर माझं निराळंच सुरू झालं होतं. गाडी बघायची, संध्याकाळी आप्पांना सांगायची, आणि त्यांनी तिच्यात खोट काढायची. एकीचा सायलेन्सर काळा धूर टाकतो, नको. एकीच्या दाराचा रंग बाकीच्या अंगाशी जुळत नाही, ठोकलेली असणार, नको. मी फोनमध्ये इंजिनाचा आवाज भरून पाठवायचे, ते भावाच्या मोबाइलवर कानाला लावून ऐकायचे. भावजय सांगायची, संध्याकाळचे पाच वाजले की म्हणतात, पोरीचा फोन आला का बघ. चार महिने असे गेले. नवरा एकदा जेवताना म्हणाला, "तुला गाडी घ्यायचीच नाहीये." मी ताडकन उठले, पण त्याने बरोबर ओळखलं होतं. गाडी घेतली की आप्पांशी बोलायचं काय? पुन्हा गुडघा आणि हं! ती भीती मला गाडीच्या खर्चापेक्षा मोठी होती.

शेवटी करड्या गाडीने माझी पंचाईत केली. तिच्यात खोटच निघेना. चाललेली होती ऐंशी हजारांच्या वर, पण प्रत्येक सर्व्हिसची पावती फाइलमध्ये, टायर गेल्या वर्षीचे, आवाज गुळगुळीत. आप्पांनी तीन दिवस प्रश्न विचारले आणि चौथ्या दिवशी म्हणाले, घेऊन ये इकडं. टेस्ट ड्राइव्ह देवळ्यापर्यंत, हे ऐकून डीलरचा चेहरा पडला. त्याने आपला एक माणूस सोबत दिला, तो चांदवड येईपर्यंत दर खड्ड्याला डोळे मिटत होता.

आप्पा ओट्यावरून उतरले. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं, मग डिकी उघडायला लावली. आतली चटई उचलली आणि एकदम डीलरच्या माणसावर उखडले, स्टेपनी विकून खाल्ली का रे? तो बिचारा शपथा घेऊ लागला, बाबा, या गाडीला स्टेपनी येतच नाही, पंक्चर झालं तरी टायर थोडं अंतर चालतात. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच विकून खाल्ली. मग त्यांनी भावाला सांगितलं, दोन गोण्या टाक.

आमच्याकडे कुठलीही गाडी घेण्याआधी तिच्यात कांदा भरून बघतात. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली पळते, हे आप्पांचं म्हणणं. पण लेदरच्या सेडानमध्ये? डीलरचा माणूस रडकुंडीला आला. भावाने खुशाल दोन गोण्या डिकीत टाकल्या, मागे तो आणि दोन शेजारी बसले, पुढे आप्पा, आणि मी गाडी बाजार समितीसमोरच्या स्पीडब्रेकरवर नेली. तो स्पीडब्रेकर म्हणजे बांधच आहे. आप्पा म्हणाले, तिरपी घे. तिरपी घेतली. खाली काहीतरी खर्रकन घासलं आणि गाडीत जागा न उरल्याने भावाच्या मोटरसायकलवरून मागे येणाऱ्या डीलरच्या माणसाचं 'अरे देवा' ऐकू आलं. पुढे सरळ रस्त्यावर मी पाय टेकवला. गोण्या विसरून गाडी अशी सुटली की शेजाऱ्यांनी पुढच्या सीटा घट्ट धरल्या. परत आल्यावर आप्पांना बुटक्या सीटमधून उठताच येईना. मी हात दिला तर झिडकारला. थोडा वेळ तसेच बसून इंजिन ऐकत राहिले, मग म्हणाले, "चांगली शे. घी टाक." चांगली आहे, घेऊन टाक, हे अहिराणीत म्हणाले, म्हणजे मनापासून.

मी घेतली. खूप आनंद झाला, खोटं कशाला बोलू. रंग पावसाळी आभाळाचा, डिकीत कांद्याची सालं, आणि ती मी मुद्दाम झाडली नाहीत. पण गाडी घरी आली त्या संध्याकाळी फोन करायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गाडी खाली पार्किंगमध्ये झाकून ठेवली होती. लॅब चालत जाण्यासारखी, मग काढायची कशाला, आणि काढली की पेट्रोल, घासलं की रंग. नवऱ्याने ऐकवलेले खर्च आता मला पाठ झाले होते.

चौथ्या दिवशी फोन वाजला. आप्पांनी आपणहून फोन करण्याची ही दोन वर्षांतली पहिली वेळ. गाडी किती चालवली, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही चालवली, झाकून ठेवलीये.

"चार दिवस? मंग मी तुला काय सांगितलं व्हतं?" मग म्हणाले, "रविवारी वणीला पूजा करू. मला घ्यायला ये."

रविवारी मी सकाळी लवकर निघाले, तरी देवळ्यात पोचायला नऊ वाजले. आप्पा ओट्यावर नव्हते. रस्त्याच्या कडेला उभे होते, धुतलेली टोपी घालून, आणि पायाशी एक पिशवी. भावजय म्हणाली, सातपासून तिथेच आहेत, चहासुद्धा उभ्यानेच घेतला. पिशवीत काय आहे म्हणून मी बघितलं, तर पायाने हवा भरायचा जुना पंप. पिकअप विकताना त्यांनी तो देऊन टाकला नव्हता, दोन वर्षं खाटेखाली जपून ठेवला होता.

"तुझ्या गाडीला स्टेपनी नाय ना," ते म्हणाले. "वाटेत पंप लागला तर मी हाये सोबत."